ताडोबाच्या बफरमध्ये होमस्टे: खोली शेवटी बांधा

ताडोबाच्या भोवतालच्या गावांतून फिरताना एक दृश्य मला फार वेळा दिसलं आहे. रस्त्याकडेला नवी स्लॅबची खोली, फरशी, खिडकीत कूलर, वर 'होमस्टे' असा रंगवलेला बोर्ड आणि दाराला कुलूप. घरच्या बाईला विचारलं की कळतं, दिवाळीत दोन पाहुणे आले होते, नंतर कुणी फिरकलं नाही, हप्ता मात्र चालू आहे.

या घरांत कष्टाची कमतरता नव्हती. क्रम उलटा झाला होता. आधी कर्ज, मग खोली, मग बोर्ड आणि शेवटी पाहुण्याचा शोध. हा लेख त्या क्रमाला सरळ करण्यासाठी आहे. बचत गटाच्या ताई, ग्रामपंचायत सदस्य, शहरातून गावात परतलेली मुलं आणि गावांना मदत करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते यांना समोर ठेवून तो लिहिला आहे. खाली दिलेले टप्पे एका पूर्ण वर्षाचे आहेत. कुणी तीन महिन्यांत उरकायला सांगितलं तर ऐकू नका.

## टप्पा १: आधी वर्ष मांडा, मग स्वप्न

एक कोरा कागद घ्या. ताडोबाचा गाभा, म्हणजे कोअर, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. उरले नऊ महिने, म्हणजे २७३ दिवस. दर मंगळवारी सफारी बंद, म्हणजे त्यातले ३९ दिवस गेले. राहिले २३४. त्यातही नोकरदार पाहुणा शुक्रवारी रात्री येतो आणि रविवारी दुपारी परततो. शुक्रवार-शनिवारच्या रात्री मोजल्या तर ७८ भरतात. नाताळ, दिवाळी, होळी, उन्हाळ्याच्या सुट्ट्या यांच्या काही रात्री त्यात वाढतील. पण पहिल्या वर्षी नव्या घराने शंभर रात्रींच्या वर धरूच नये.

बफरमधली, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातली, सफारीची काही फाटकं पावसाळ्यातही सुरू राहतात. ती कमाई वरकड समजा, हिशेबात धरू नका.

आता त्याच कागदावर घरातली कामं लिहा. बहुतेक लोक इथेच चुकतात, कारण होमस्टे म्हणजे खोली असा समज असतो. खरं तर होमस्टे म्हणजे घरातल्या दोन-तीन माणसांचे हात.

जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते. कोअर बंद असतो, त्यामुळे अडचण नाही. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धानाची कापणी आणि दिवाळीची गर्दी एकाच वेळी येते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफूल वेचायला जायचं असतं आणि त्याच पहाटे पाहुण्याला सफारीसाठी चहा हवा असतो. मे महिन्यात तेंदूपत्ता, आणि वाघ पाहायला सगळ्यात जास्त लोकही मे महिन्यातच येतात, कारण जनावरं पाणवठ्यावर उतरतात.

म्हणून प्रत्येक महिन्यापुढे लिहा: या महिन्यात पाहुण्याचं काम कोण करणार? प्रत्येक ओळीत घरच्या सुनेचंच नाव येत असेल तर थांबा. ते घर अजून तयार नाही. दोन घरांनी मिळून करता येईल का ते पाहा. एकीकडे मुक्काम, दुसरीकडे जेवण, असं वाटून घेतलेलं काम जास्त टिकतं.

तपासा: मोहफुलाची आणि तेंदूपत्त्याची मजुरी बुडणार असेल तर तो आकडा लिहून ठेवा. होमस्टेच्या नफ्यातून तो वजा होणार आहे.

## टप्पा २: तुमचं फाटक कोणतं?

पाहुणा आधी सफारी बुक करतो, मग खोली शोधतो. त्यामुळे तुमचा धंदा तुमच्या गावापेक्षा तुमच्या फाटकावर अवलंबून आहे. चंद्रपूर स्टेशनवर उतरणाऱ्याला मोहर्ली जवळ पडतं. नागपूर विमानतळावरून येणारा कोलाऱ्याकडे वळतो. नवेगाव, झरी, पांगडी, खुटवंडा यांचे पाहुणे वेगळे. बफरमधली आगरझरी, जुनोना, देवाडा, अलिझंजा, मदनापूर ही फाटकं वेगळी.

आपल्या घरापासून कोणत्या फाटकाला पहाटेच्या अंधारात किती मिनिटं लागतात, हे मोटारसायकलने नव्हे, चारचाकीने जाऊन मोजा. अर्ध्या तासाच्या आतली फाटकं तुमची. बाकीची विसरा.

मोहर्लीजवळच्या घरात खोली घेतलेल्या पाहुण्याची सफारी कोलाऱ्याची निघाली, अशी गोष्ट मी दोनदा पाहिली आहे. नकाशावर दोन्ही ठिकाणी 'ताडोबा' लिहिलेलं असतं, पण जंगलातून आरपार जाता येत नाही आणि बाहेरून फार मोठा वळसा पडतो. पाहुण्याची सफारी बुडते आणि राग घरमालकावर निघतो.

जागेचं दुसरं काम कागदाचं. घर गावठाणात आहे का? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये कुणाच्या नावावर आहे? शेतात असेल तर सातबारावर किती हिस्सेदार आहेत? ताडोबाभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र २०१९ मध्ये अधिसूचित झालं आहे. त्यात संरक्षित क्षेत्राच्या हद्दीजवळ नवी हॉटेलं आणि रिसॉर्ट बांधण्यावर बंधनं आहेत. स्थानिकांना स्वतःच्या जागेत, स्वतःच्या वापरासाठी घर बांधता येतं. राहत्या घराची एक खोली पाहुण्याला देणं आणि शेतात चार कॉटेज उभी करणं या कायद्याच्या नजरेत फार वेगळ्या गोष्टी आहेत.

सावधान: 'आधी बांधा, परवानगी मागाहून बघू' असं सांगणारा ठेकेदार हप्त्याच्या वेळी दिसत नाही.

## टप्पा ३: गावाशी बोलणं

हा टप्पा लोक कंटाळवाणा म्हणून गाळतात आणि दुसऱ्या वर्षी त्याचंच भांडण होतं. ईडीसी, म्हणजे गावची परिस्थितिकीय विकास समिती, ग्रामपंचायत आणि बचत गटांचा ग्रामसंघ यांना एकत्र बसवा. तीनच गोष्टी ठरवून ठराव लिहून घ्या.

एक, पाहुणा पाळीने कुठे जाईल. थेट ओळखीचा पाहुणा ज्याचा त्याचा. समितीकडे आलेला पाहुणा पाळीने. दोन, कमीत कमी दर. याच्या खाली कुणी उतरणार नाही. तीन, जिप्सीचालक किंवा गाइड पाहुणा घेऊन आला तर त्याला द्यायची रक्कम सर्वांसाठी एकच. ही रक्कम न ठरवल्यामुळे जो जास्त देईल त्याच्याकडे पाहुणा जातो आणि गावातल्या गावात बोली लागते. शेवटी फायदा बाहेरच्या मोठ्या रिसॉर्टचा होतो, कारण त्याच्याइतकं कुणी देऊच शकत नाही.

ताडोबात स्त्रिया गाइड म्हणून काम करतात. तुमच्या गावात अशी कुणी असेल तर तिला या बैठकीत पहिल्यांदा बोलू द्या. पाहुणे कशाबद्दल कुरकुरतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

## टप्पा ४: पाणी, संडास, कचरा

पैसा घालायचाच असेल तर पहिला पैसा इथे.

पाणी मे महिन्यात मोजा. ऑक्टोबरची भरलेली विहीर पाहून टाकीचा आकार ठरवू नका. माणशी रोज १०० लिटर धरा. उन्हाळ्यात पाहुणा दोनदा आंघोळ करतो, चादरी वेगळ्या धुवाव्या लागतात. चार पाहुण्यांचे ४०० लिटर रोज उपसल्यावर घरच्या आणि शेजारच्या बायकांना पाणी उरतं का, हे बघायचं. शेजारणीची घागर रिकामी राहिली तर तुमचा होमस्टे गावाला नकोसा होणार आणि ते रास्तच असेल.

पिण्यासाठी चांगला फिल्टर आणि काचेच्या किंवा स्टीलच्या बाटल्या. प्लास्टिकच्या पाणीबाटल्यांची पेटी घरात आणूच नका. ती फेकायला गावात जागा नाही.

संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब हवा. खड्डा खणण्याआधी जमीन पाणी पिते का ते तपासा. हातभर खोल खड्डा करून काठोकाठ पाणी भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच असेल तर ती जागा सोडा. काळ्या चिकणमातीत शोषखड्डा पावसाळ्यात उलटतो. संडास खोलीला लागूनच असावा, कारण या गावांत रात्री अंगण ओलांडून जाणं धोक्याचं आहे.

आता कचरा. उरलेलं अन्न उकिरड्यावर गेलं की कुत्री जमतात. कुत्री जमली की त्यांच्या मागे बिबट्या येतो. रानडुकरं येतात ती वेगळीच. ही साखळी मी कार्यकर्त्यांना आधी समजावतो, कारण 'स्वच्छता ठेवा' असं म्हटलं की लोक मान डोलावतात आणि विसरतात. बिबट्या अंगणात येतो म्हटलं की झाकण बसतं. ओल्या कचऱ्यासाठी झाकणाचा खड्डा, उष्टं अन्न त्याच दिवशी मातीआड. सुका कचरा पाहुण्याने परत न्यावा, असं बुकिंगच्या वेळीच सांगा. सांगितलं तर बहुतेक जण नेतात.

तपासा: रात्री नऊ वाजता टॉर्च घेऊन घराभोवती एक फेरी मारा. कुठे वास येतो, कुठे कुत्री बसली आहेत, कुठे झुडूप भिंतीला टेकलं आहे, ते दिसेल.

## टप्पा ५: आहे ती खोली नीट करा

मातीच्या भिंतींचं, कौलांचं घर असेल तर ते पाडू नका. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. दिवसभर तापलेली स्लॅबची खोली मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. मग कूलर लागतो, वीज गेली की कूलर बंद आणि पाहुणा बाहेर खाट टाकायला मागतो, जे तुम्ही होऊ देऊ शकत नाही. जाड मातीची भिंत हे सगळं वाचवते.

करायचं ते एवढं: कौलं शाकारून घ्या, भिंत लिंपा, खिडक्यांना जाळी, दाराखालची फट बंद, चांगली गादी, दोन जोड पांढऱ्या चादरी आणि गादीखाली चारही बाजूंनी नीट खोचता येईल अशी मच्छरदाणी. मच्छरदाणी डासांपुरती नाही. मण्यार रात्री घरात शिरते, अंथरुणात येते. जमिनीवर बिछाना घालू नका, पलंगच द्या. मोठ्या आरशापेक्षा कपडे अडकवायला चार खुंट्या आणि मोबाइल चार्जिंगला एक धड प्लग जास्त उपयोगी पडतो.

बाहेरचा दिवा खाली तोंड केलेला, मंद असावा. झगझगीत फ्लडलाइट लावून अंगण उजळलं की पाहुण्याला चांदणं दिसत नाही आणि जंगलाच्या कडेच्या जनावरांना त्रास होतो.

## टप्पा ६: स्वयंपाकघर आणि पहाटेचं गणित

पाहुण्यासाठी चंद्रपूरहून पनीर आणणं ही नेहमीची चूक आहे. बाहेरून आणलेल्या प्रत्येक वस्तूबरोबर पैसा गावाबाहेर जातो आणि पाहुण्याला जे घरी मिळतं तेच इथे मिळतं. ज्वारीची भाकरी, घरचा तांदूळ, वरण, वांग्याची भाजी, जवसाची चटणी, पातोडीचा रस्सा, अंबाडी, हिवाळ्यात सांबारवडी. (पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला आधीच सांगा की इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, नाहीतर तो वाटी घेऊन वाट बघत बसतो.) तिखट वेगळं द्या. लहान मुलांसाठी दूध, दही, केळी.

महिन्याअखेर एक हिशेब करा: पाहुण्याने दिलेल्या १०० रुपयांतले गावात किती राहिले? तांदूळ कुणाचा, भाजी कुणाच्या वाडीतली, पापड-चटणी कोणत्या गटाची, चादरी कोण धुतं. शाश्वत पर्यटन हा शब्द मी गावात वापरत नाही. हाच प्रश्न विचारतो आणि सगळ्यांना कळतो.

पहाटेचं गणित नीट बसवा. फाटक उघडण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते. त्या वेळेतून प्रवासाची मिनिटं आणि फाटकावरच्या तपासणीचा अर्धा तास वजा करा. ती पाहुण्याची निघण्याची वेळ. त्याआधी अर्धा तास चहा. डब्याची भाजी रात्री चिरून ठेवा, कणीक रात्री मळा. डबा स्टीलचा, किंवा पोळीची गुंडाळी कापडात. सफारीहून परत आल्यावर पोटभर जेवण, त्यामुळे पहाटे भरपेट न्याहारीचा हट्ट नको.

सावधान: पाहुणे मोहाची दारू मागतात. परवान्याशिवाय विकणं गुन्हा आहे. रानडुकराचं किंवा सशाचं मटण मागणारेही भेटतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली तो तुरुंगाचा रस्ता आहे. दोन्हीला हसून पण ठाम नकार. मोहफुलांचे लाडू द्या, ते लोक घरी बांधूनही नेतात.

## टप्पा ७: जनावरांच्या शेजारी राहण्याचे नियम

पाहुणा येण्याआधी हे लिहून भिंतीवर लावा आणि आल्याबरोबर तोंडाने सांगा.

अंधार पडल्यावर पायी फिरायचं नाही, शंभर पावलंही नाही. गावात जायचं तर गाडीने, घरच्या माणसासोबत. पहाटे शेतात 'निसर्ग पाहायला' एकट्याने जायचं नाही. मोठ्या आवाजातलं गाणं नाही. ड्रोन नाही. गाभ्यात मोबाइल नेता येत नाही, हे आधीच सांगा म्हणजे फाटकावर वाद होत नाही.

घरवाल्यांसाठी त्याहून कडक नियम. गावच्या शिवारात वाघाने गाय मारली तर पाहुण्याला गारा, म्हणजे ते मारलेलं जनावर, दाखवायला नेऊ नका. पाहुणा पैसे देऊ करील, शेजारचा मुलगा नेतो म्हणेल, तरी नाही. गाऱ्यावर हुसकावलेला वाघ दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी आईसमोर उभा राहतो, मोहफूल वेचताना. वनरक्षकाला लगेच कळवा, भरपाईसाठीही ते लागतं. वन विभागाची हेल्पलाइन १९२६, रुग्णवाहिका १०८ आणि गावच्या पीआरटीतल्या, म्हणजे वन्यप्राणी आल्यावर आधी धावणाऱ्या गावच्या पथकातल्या, मुलांचे नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात.

उघड्या विहिरीला कठडा बांधा. जनावरं पडतात, पाहुण्यांची मुलंही पडू शकतात. कुंपणात थेट वीज सोडणं हा जीवघेणा गुन्हा आहे. पाहुणा असो नसो, ते करायचं नाही.

## टप्पा ८: चार चाचणी मुक्काम

अजून बोर्ड लावलेला नाही, दर ठरलेला नाही. आता चार मुक्काम ओळखीच्या लोकांना बोलवून करायचे. त्यांच्याकडून फक्त शिध्याचा खर्च घ्या आणि खरं बोलायची अट घाला.

पहिला, शहरात राहणारे नातेवाईक. दुसरा, लहान मूल आणि म्हातारं माणूस असलेलं कुटुंब. तिसरा, गावाची ओळख नसलेला, मराठी फारसं न येणारा कुणी. चौथा, सगळ्या खाटा भरलेल्या आणि पहाटे सफारी.

चारही वेळा एका वहीत लिहा: घरातलं कोण किती वाजता उठलं, किती वाजता झोपलं, टाकीत किती पाणी गेलं, शिधा किती लागला, काय उरलं, पाहुण्याने काय मागितलं जे नव्हतं.

एका घरात चौथ्या मुक्कामानंतर आम्ही वही उघडली. पाहुण्यांनी सगळ्या गोष्टींचं कौतुक केलं होतं. वहीत मात्र दिसलं की त्या घरची वहिनी रात्री बाराला झोपून अडीचला उठली होती, दोन्ही दिवस. तिने स्वतःहून काहीच म्हटलं नव्हतं. कार्यक्रम बदलला: रात्रीचं जेवण साडेसातला, भांडी दिराने घासायची, पहाटेचा चहा सासऱ्यांनी ठेवायचा. डबा शेजारच्या घरातून, पैसे देऊन. त्या घरात पुढे पाहुणे टिकले, असं माझं मत आहे, ते या एका बदलामुळे.

तपासा: चौथ्या मुक्कामानंतर घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारा, 'पुन्हा करायचं का?' घरच्या बायकांना विचारताना पुरुष समोर नकोत.

## टप्पा ९: कागद

पैसे घ्यायच्या आधी हे पुरं करा. फार वेळ लागत नाही.

ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला. पर्यटन संचालनालयाकडे निवास व न्याहारी योजनेत नोंदणी. शेतावर करत असाल तर २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली. अन्नासाठी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी, छोट्या व्यवसायाला तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये आहे. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी फुकट आहे, तिच्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी. बँक खातं आणि यूपीआय घरच्या बाईच्या नावाने काढा, काम तिचं आहे.

पाहुण्यांची नोंदवही ठेवा, ओळखपत्राची प्रत घ्या. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. लोक त्याला 'सी फॉर्म' म्हणतात. मदत करणाऱ्या कार्यकर्त्याने हे एकदा घरच्या मुलीकडून करून घ्यावं, स्वतः भरून देऊ नये. तुम्ही गेल्यावर तिलाच भरायचं आहे.

## टप्पा १०: दर आणि कर्जाचा खरा हिशेब

दर रिसॉर्टकडे पाहून ठरवू नका, शेजाऱ्याकडे पाहूनही नको. वहीतला खर्च काढा: शिधा, गॅस, वीज, धुलाई, फिल्टरची देखभाल आणि घरच्यांची मजुरी. मजुरी लिहिलीच पाहिजे, नाहीतर घरच्या बाईचं काम फुकट धरलं जातं.

आता उदाहरण म्हणून आकडे मांडू. समजा माणशी दर जेवणासकट १,४०० रुपये. वर्षाला १०० रात्री, दोन माणसं. उत्पन्न २,८०,०००. माणशी खर्च ७५० धरला तर १,५०,००० गेले. उरले १,३०,०००. रंगरंगोटी, कौलं, गाद्या यांना २०,०००. हाती १,१०,०००.

याच घराने सुरुवातीलाच ४ लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं असतं तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,९०० रुपये, वर्षाचे १,०६,८००. हाती राहिले ३,२००. तेही शंभर रात्री भरल्या तर. आणि जुलै ते सप्टेंबर, जेव्हा एकही पाहुणा धरलेला नाही, तेव्हाचे २६,७०० रुपये आधी बाजूला काढून ठेवावे लागतात. कुलूप लावलेल्या खोलीमागची गोष्ट ही आहे.

कागदावर हे गणित घरातल्या सगळ्यांसमोर, त्यांच्याच आकड्यांनी करा. ५० रात्री धरूनही करून पाहा.

निम्मी रक्कम आगाऊ घ्या. रद्द केल्यास किती परत, हे एका वाक्यात लिहून पाठवा. गावच्या निधीसाठी पाहुण्यामागे ठरावीक रक्कम दराच्या आतच ठेवा, वेगळी मागू नका.

## टप्पा ११: पाहुणा मिळवणं

फोन आला की पाच प्रश्न: सफारी कोणत्या फाटकाची आणि किती वाजताची? किती माणसं, लहान-म्हातारे किती? खाण्यात काय चालत नाही? येणार कसे? पूर्वी गावात राहिला आहात का? हे प्रश्न कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा.

फोटो खरे घाला: खोली, पलंग, संडास, अंगण, ताट. संडासाचा फोटो नक्की घाला, कारण पाहुण्याला भीती त्याचीच असते. वाघाचा फोटो घालू नका. 'वाघ नक्की दिसेल' असं कुणी लिहिलं असेल तर पुसून टाका. वाघाच्या आशेवर आलेला पाहुणा वाघ दिसला नाही की जेवणालाही नावं ठेवतो. जो रोवणीची बांधी, मामा (माजी मालगुजारी) तलावावरचे पक्षी, बांबूकाम आणि रात्रीची शांतता पाहायला येतो तो मित्रांना घेऊन परत येतो.

ऑनलाइन बुकिंगच्या कंपन्यांचं कमिशन दरात धरलं आहे का, ते पाहून मगच नोंदणी करा. पहिल्या वर्षी मला तरी तोंडी ओळखीवर आणि गाइडच्या शब्दावर आलेले पाहुणेच बरे वाटतात. चुका सांभाळून घेतात.

## टप्पा १२: आता खोलीचा विचार

एक पूर्ण हंगाम झाला. जुलैमध्ये, रोवणीतून सवड मिळाली की वही उघडा. तीन गोष्टी बघा. किती वेळा 'जागा नाही' म्हणून पाहुणा परत पाठवला? मे महिन्यात पाणी पुरलं का? काम करणाऱ्या बाईच्या खात्यात मजुरी खरोखर जमा झाली का?

दहा-बारा वेळा पाहुणा परत गेला असेल आणि बाकी दोन्ही उत्तरं 'हो' असतील, तर दुसरी खोली काढा. ती मातीची किंवा बांबू-मातीची काढता येते. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे चौकशी करा. कर्ज लागलंच तर स्त्रियांसाठी राज्याच्या २०२३ च्या 'आई' पर्यटन धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो. लागेल तेवढंच मागा. मिळतं म्हणून १५ लाख मागू नका.

पाहुणा परत गेलाच नसेल तर खोली नको. मच्छरदाण्या बदला, कौलं शाकारा, गादीला ऊन दाखवा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टाकी धुवा, फिल्टरची मेणबत्ती बदला, विहिरीचा कठडा पाहा आणि १ ऑक्टोबरला येणाऱ्या पहिल्या पाहुण्याला फोन करून विचारा, सफारी कोणत्या फाटकाची आहे.